हाडांची राखण



अलिबागेत इतिहासावर बोलायचे म्हणजे आंग्र्यांच्या आरमारावर बोलायचे, असा एक अलिखित रिवाज आहे. आणि कुलाबा किल्ला डोळ्यांसमोर असताना तो रिवाज योग्यच म्हणावा लागेल. पण इतिहास काही केवळ किल्ल्यांना आणि तहांनाच असतो असे नाही. रोगांना इतिहास असतो, औषधांना असतो, आणि वैद्यकाने एखादी गोष्ट ठाऊक असूनही ती किती वर्षे मनावर घेतली नाही, यालाही असतो. या तिसऱ्या जातीच्या इतिहासाचे एक प्रकरण आज आपल्यापुढे ठेवायचे आहे. कर्करोगावरील उपचारांत आणि त्यानंतर रोग्याच्या हाडांचे काय होते, आणि ती राखता येतात की नाही, हा विषय.

विषय निवडण्याचे कारण साधे आहे. आपल्या गावात आणि चौल-रेवदंडा, नागाव, थळ, पोयनाड या टापूत आता अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांतले कोणीतरी परळला किंवा खारघरला जाऊन कर्करोगावर उपचार घेऊन आले आहे. असे माणूस घरी परतले म्हणजे भेटायला येणारे सगळे एकच विचारतात : गाठ गेली ना? केस परत आले, तोंडाला चव आली, की आजार संपला असे आपण धरून चालतो. मग तीन-चार वर्षांनी तीच बाई पाण्याची कळशी उचलताना कमरेत कळ येऊन खाली बसते, किंवा न्हाणीत पाय घसरतो तो खुबा मोडूनच. लोक म्हणतात, वय झाले. वय झालेलेच असते असे नाही.

या प्रकरणाचा आरंभ १९४१ या एका सालात तीन ठिकाणी झाला, असे मला वाटते. आणि तिन्ही ठिकाणांना एकमेकांची दखल नव्हती.

पहिले ठिकाण परळ. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या; पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते ते उघडले. प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांविषयी, इतकेच नव्हे तर धोतराच्या काच्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाविषयीही या गृहस्थांनी लिहिले. आपल्या माणसांच्या सवयी पाहून रोग ओळखायचा, ही त्यांची रीत. त्या काळी अलिबागहून परळ गाठायचे म्हणजे रेवसला जायचे, बोटीने भाऊचा धक्का, आणि तेथून पुढे. पावसाळ्यात हा प्रवास किती जोखमीचा होता, हे १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट बुडाली तेव्हा या किनाऱ्याने जे पाहिले त्यावरून कळते. सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा वाटेने कोणी लवकर, शंकेपोटी, दाखवायला जात नसे. पुष्कळ रोगी तेथे पोहोचत ते रोग हाताबाहेर गेल्यावर.

दुसरे ठिकाण शिकागो. चार्ल्स हगिन्स या शस्त्रवैद्याने १९४१ साली दाखवून दिले की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. वृषणे काढून टाकली, किंवा स्त्री-संप्रेरकासारखे औषध दिले, की वाढलेला रोगही मागे हटतो आणि हाडांत शिरलेल्या रोगाच्या वेदना काही दिवसांत ओसरतात. या शोधाबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरे ठिकाण बॉस्टन. फुलर ऑल्ब्राइट हा वैद्य हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचा अभ्यास करीत होता. पासष्टीच्या आतल्या अशा बेचाळीस रोग्यांपैकी चाळीस जणी पाळी गेलेल्या स्त्रिया आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. अंडाशयातून येणारे संप्रेरक आटले की हाडे विरळ होऊ लागतात, असे त्याने सहकाऱ्यांसह मांडले. तेही १९४१ सालीच.

आता हे दोन धागे शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो, संप्रेरक काढून घ्या, कर्करोग मागे हटेल. दुसरा म्हणतो, संप्रेरक गेले की हाड झिजेल. दोन्ही एकाच वर्षी, एकाच देशात छापले गेले. तरीसुद्धा वृषणे काढलेल्या प्रोस्टेटच्या रोग्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण किती वाढते, हे डॅनिअल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ठसठशीतपणे मांडले ते १९९७ साली. मध्ये छप्पन्न वर्षे गेली!

या छप्पन्न वर्षांबद्दल डॉक्टरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. हाड झिजायला वर्षे लागतात, आणि त्या काळच्या रोग्याजवळ बहुधा महिनेच असत. ज्याच्या आयुष्याची खात्री नाही त्याच्या खुब्याची काळजी कोण करणार? हाडांचा प्रश्न पुढे आला तो उपचारांना यश येऊ लागल्यावर. पण एवढ्याने सारा उलगडा होत नाही. दुसरे एक कारण आहे, आणि ते अधिक मनोरंजक आहे. त्याकडे वळण्यापूर्वी हाड म्हणजे काय वस्तू आहे, याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत.

आपण हाडाला घराच्या वाशाची उपमा देतो. एकदा बसवला की बसवला. वाळवी लागेपर्यंत काळजी नाही. ही उपमा फसवी आहे. आपल्या आयुर्वेदाने अस्थीला सात धातूंत पाचवे स्थान दिले, रस-रक्त-मांस-मेद यांच्या ओळीत बसवले; म्हणजे ती पोसली जाणारी, बदलणारी वस्तू मानली. सुश्रुताने हाडे तीनशे मोजली, चरकाने तीनशे साठ. आजची मोजणी निराळी आहे, पण अस्थी हा जिवंत धातू, ही दृष्टी मात्र खरी ठरली. युरोपात ही गोष्ट एका जेवणाच्या पानावर उघडकीस आली. १७३६ च्या सुमारास जॉन बेल्चिअर हा लंडनचा शस्त्रवैद्य एका छिटे छापणाऱ्याकडे जेवायला गेला असता पानातल्या डुकराच्या मांसातली हाडे लाल दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, कापड रंगवून उरलेला, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीत भिजलेला कोंडा त्या डुकरांना घालीत. रंग हाडांत उतरला होता! पुढे जॉन हंटरने याच युक्तीने दाखवले की हाडावर एकीकडे नवे थर चढतात आणि दुसरीकडून जुने शोषले जातात. आज आपल्याला माहीत आहे की प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडतो. काही पेशी जुने हाड पोखरतात, काही नवे भरतात. पोखरणाऱ्यांना आवर घालण्याचे काम मुख्यतः इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते. स्त्रियांत तर करतेच, पण पुरुषांतही करते. इस्ट्रोजेनची खूण ओळखण्याची शक्तीच ज्याच्या पेशींत नव्हती, अशा एका अठ्ठावीस वर्षांच्या धिप्पाड तरुणाची हाडे विरळ झाल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा पुरुषांबद्दलची शंका फिटली.

आता ते दुसरे कारण. कोकणात आपण राखणदार मानतो. वाडीची, शेताची, बंदराची राखण कोणीतरी करीत असते. ती दिसत नाही, पण उठून गेली म्हणजे कळते. कर्करोगाच्या औषधांत असेच दोन राखणदार होते, आणि कोणाला त्यांचा पत्ता नव्हता.

पुरुषांची गोष्ट आधी सांगतो. हगिन्सनंतर कित्येक वर्षे प्रोस्टेटच्या कर्करोगावर स्टिल्बेस्ट्रॉल देत. हे कृत्रिम इस्ट्रोजेन. ते चार्ल्स डॉड्स याने १९३८ मध्ये घडवले होते. पुरुषी संप्रेरक आटवण्यासाठी ते देत. पण स्वतः इस्ट्रोजेन असल्यामुळे ते जाता जाता हाडेही सांभाळीत असे. पुढे या औषधाने रक्ताच्या गुठळ्या होतात, हृदयाला धोका पोहोचतो, हे दिसून आले आणि ते मागे पडले. १९८० नंतर मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांना जाणारा हुकूमच तोडणारी इंजेक्शने आली. हृदयाच्या दृष्टीने ती बरी. पण राखणदार उठून गेला. २००५ साली अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदी तपासल्या. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांपैकी ज्यांना संप्रेरक तोडणारे उपचार मिळाले होते, त्यांच्यात १९.४ टक्क्यांचे हाड मोडले होते. ज्यांना मिळाले नव्हते, त्यांच्यात १२.६ टक्क्यांचे.

स्त्रियांची गोष्ट याहून लांबची. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनला गाईंवरून सुचले. व्यायलेल्या गाईचे अंडाशय काढले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते, हे काही भागांतल्या शेतकऱ्यांना ठाऊक होते. म्हणजे अंडाशयाचा स्तनावर हुकूम चालतो. १८९५ साली त्याने स्तनाचा कर्करोग पसरलेल्या एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीचे अंडाशय काढले. रोग विरघळला आणि ती आणखी चारएक वर्षे जगली. संप्रेरके आणि स्तनाचा कर्करोग हा संबंध पुढे जगभर तपासला गेला. आपल्याकडे परळला १९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात खानोलकरांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर प्रयोग करून आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा या रोगाशी असलेला धागा शोधला. पुण्यात जन्मलेल्या या विदुषीला १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. आणि येथे जिल्ह्याच्या अभिमानाची एक गोष्ट सांगून टाकतो : त्या केंद्राचाच वारसा सांगणारी संस्था २००२ पासून खारघरला आहे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात.

१९६२ साली इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत टॅमॉक्सिफेन तयार झाले. हेतू होता संततिनियमनाचा. तो फसला, पण स्तनाच्या कर्करोगावर ते लागू पडले आणि १९७० नंतर सर्वत्र गेले. हे इस्ट्रोजेनविरोधी औषध. तेव्हा ते हाडेही झिजवणार, असे जाणत्यांना भय होते. १९९२ साली अमेरिकेत पाळी गेलेल्या स्त्रियांवर मोजमाप झाले तेव्हा निकाल उलटा लागला. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांच्या मणक्याची घनता घटली नाही, किंचित वाढलीच. स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारे हे औषध हाडात मात्र त्याच्यासारखेच वागत होते. (पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रियांत असे होत नाही, हे येथेच सांगायला हवे.) त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे पाळी गेलेल्या रोगी स्त्रियांच्या हाडांचा प्रश्न झाकलेलाच राहिला. मग अॅरोमाटेज रोखणारी नवी औषधे आली. पाळी गेल्यावरही शरीरात जे थोडेसे इस्ट्रोजेन बनते, तेही ती बनू देत नाहीत. कर्करोग परत न येण्याच्या बाबतीत ती टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरली. नऊ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे २००५ सालचे आकडे असे : नव्या औषधाखाली हाड मोडलेल्या ११ टक्के, टॅमॉक्सिफेनखाली ७.७ टक्के.

म्हणून मी म्हणतो, की येथे कोणी अपराधी शोधू नये. दोन्ही वेळा नवे औषध चांगले म्हणूनच आले. जुन्याबरोबर काय जात आहे, हे मात्र कोणी आधी मोजले नव्हते.

संप्रेरकांखेरीज हाडांना इतर मार्गांनीही धक्का बसतो. ते भरभर सांगतो. केमोथेरपीने तरुण स्त्रीचे अंडाशय अवेळी थांबतात, आणि तसे झाले तर पहिल्या एका वर्षात मणक्याची सात टक्क्यांच्या आसपास घनता जाऊ शकते. निसर्गाने पाळी जाते तेव्हा वर्षाला एक-दोन टक्के जाते. रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात स्टेरॉइड भरपूर द्यावे लागते, आणि त्याने हाडे ठिसूळ होतात, हे तर कुशिंगने १९३२ मध्येच वर्णिले होते. शरीरच जेव्हा असा स्राव जास्त करते त्या विकारात त्याला ते दिसले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटावर किरण द्यावे लागतात. १९८७ साली बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली तेव्हा तिथल्या स्त्रियांत हाच रोग पहिल्या क्रमांकावर होता. या किरणांनी कटीच्या हाडांना केसाएवढ्या चिरा पडू शकतात. बाई कमरेचे दुखणे म्हणून अंगावर काढते.

आपल्या देशाची अडचण अशी, की स्तनाचा कर्करोग येथे पाश्चात्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. पाळीही आपल्या स्त्रियांची शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. तिकडे एक्कावन्नच्या सुमारास. म्हणजे हाड राखणारे संप्रेरक आपल्याकडे मुळात लवकर आटते, त्यात उपचार ते आणखी लवकर आटवतो, आणि पुढे जगायची वर्षे अधिक. त्यातून ऊन.

ऊन म्हटल्यावर तुम्ही हसाल. अलिबागेत उन्हाला काय तोटा! पण ही गोष्ट महाराष्ट्रातच एकदा नीट तपासली गेली आहे. लहान मुलांच्या मुडदुसाचे कारण आहार की ऊन, असा वाद फार वर्षे चालला होता. जपानात राहून आलेल्या थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने देशोदेशींची माहिती गोळा करून १८९० साली ऊन असे उत्तर दिले. ते कोणी फारसे ऐकले नाही. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांनी नाशिककडे पाहणी करून जे प्रसिद्ध केले, ते मोठे बोलके आहे. गरीब, शेतात दिवसभर राबणाऱ्या हिंदूंत मुडदूस नव्हता. तो होता पडदा पाळणाऱ्या मुसलमान घरांत आणि वरच्या वर्गातल्या हिंदूंत, जिथे बायका-मुले दाराआड असत. खाणेपिणे या दुसऱ्यांचे चांगले; हाडे मात्र वाकलेली. आज पडदा पुष्कळसा गेला. पण उपचार चाललेले माणूस घरात, पंख्याखाली, अंगभर कपड्यांत राहते. आणि अलीकडच्या पाहण्यांत भरपूर उन्हाच्या आपल्या शहरांतून ड जीवनसत्त्व कमी असलेली माणसे मोठ्या संख्येने आढळतात, ती याच कारणाने. तेव्हा रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तेवढेच औषध घ्यावे. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने ज्याच्या त्याच्या सांगण्यावरून टोचून घेण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला मुळीच पसंत नाही. त्याचा अतिरेकही मूत्रपिंडाला बाधतो.

आहाराबद्दल आपल्या किनाऱ्याला परक्याने काही शिकवावे असे नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरवले. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर असते, गाईच्या तेवढ्याच दुधात एकशेवीसच्या आसपास. नाचणीतले सगळे अंगी लागत नाही हे खरे. पण भाकरी आणि आंबील यांनी पुष्कळ काम होते. काट्यासकट चावून खाता येणारी सुकी मासळी, तीळ, ताक हेही त्याच कामाचे. मात्र उपचाराने तोंड सोललेल्या माणसाला खारवलेली मासळी सोसत नाही, आणि रक्तदाब असेल तर मिठाचा विचार करावा लागतो. मशेरी आणि तंबाखू यांनी हाडेही झिजतात. खानोलकरांनी तोंडापुरते सांगितले ते हाडांनाही लागू आहे. आणि चालणे. हाडावर भार पडला तरच ते भरून येते. आजारी माणसाला खाटेवर जपून ठेवणे हे प्रेमाचे असेल, पण हाडांच्या हिताचे नाही.

मोजणे हा याहून महत्त्वाचा भाग. आपली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली मुंबईहून अलिबागेला का आली, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे : ट्राम विजेवर चालू लागणार होत्या आणि त्यांनी सुया हलल्या असत्या. त्या वेधशाळेच्या नोंदींना जगात मान आहे तो एखाद्या दिवसाच्या आकड्यामुळे नव्हे. वर्षानुवर्षे अखंड चाललेल्या मालिकेमुळे. हाडांच्या घनतेचेही तसेच आहे. डेक्सा नावाची तपासणी दहा-पंधरा मिनिटांची, न दुखणारी. तिचा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर हाडे ठिसूळ झाली, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली. पण संप्रेरक तोडणारे औषध सुरू होतानाच पहिला आकडा घेतला नसेल, तर दोन वर्षांनी आलेल्या आकड्यावरून किती घसरले हे कसे सांगणार? हा पहिला आकडा मागून घ्यावा. न मागता तो नेहमीच मिळतो असे नाही, आणि पुरुष तर मागतच नाहीत.

औषधाची गोष्ट पाण्याच्या बंबातून निघते. बंबाच्या तळाशी चुन्याचा पांढरा थर बसतो. तो बसू नये म्हणून कारखान्यांतून आणि धुण्याच्या पावडरींतून काही फॉस्फरसयुक्त द्रव्ये वापरीत. स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश हाडात चुना कसा बसतो याचा अभ्यास करीत होता. शरीरात असेच एक द्रव्य आहे, पण पोटात दिले तर ते टिकत नाही, असे त्याला दिसले. म्हणून त्याने हे बंबातले टिकाऊ भाऊबंद घेऊन पाहिले. १९६९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या निबंधांनी दाखवले की बिसफॉस्फोनेट हाडाला जाऊन चिकटतात आणि पोखरणाऱ्या पेशींना रोखतात. हाड शोधून काढण्याच्या त्यांच्या या गुणावर हाडांचे स्कॅनही चालते. किरणोत्सर्गी टेक्नेशियम त्यांच्याच पाठीवर बसून हाडापर्यंत जाते.

यानंतर जे घडले त्याची अपेक्षा फार थोड्यांनी केली असेल. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शस्त्रवैद्याने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून म्हटले होते, की रोग वाटेल तिथे पसरत नाही. बी सगळीकडे उडते, रुजते मात्र मानवेल त्या जमिनीत, आणि हाड ही या रोगाला मानवणारी जमीन आहे. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे बी घाटावर नेऊन लावले तर तो कांदा तसा उतरत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पॅजेट समजावून सांगायला नको. हाडे पोखरली जात असताना तीतून जे स्राव सुटतात ते या बीला खतासारखे लागतात. मग पोखरणेच थांबवले तर? २०१५ साली २६ चाचण्यांतल्या १८,७६६ स्त्रियांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या स्त्रियांत बिसफॉस्फोनेट दिल्याने हाडांत रोग परतण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. पाळी चालू असलेल्यांत हा लाभ दिसला नाही. म्हणजे जे औषध हाडांच्या राखणीसाठी म्हणून आले, ते पाळी गेलेल्या स्त्रियांत काही अंशी जीवही राखते. छप्पन्न वर्षे मागे पडलेले प्रकरण असे मुख्य कथेत येऊन मिळाले.

औषधाला दुसरी बाजू नाही असे नव्हे. एकोणिसाव्या शतकात आगपेट्यांच्या कारखान्यांतल्या मजुरांचा जबडा फॉस्फरसने कुजत असे. २००३ पासून बिसफॉस्फोनेट मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रोग्यांत, विशेषतः दात काढल्यानंतर, जबड्याचे हाड उघडे पडून भरून न येण्याचे प्रकार नोंदले गेले. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडके दात काढून किंवा भरून घ्यावेत; नंतर कोठेही दात काढायचा तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे. २०१० पासून वापरात आलेले डेनोसुमॅब हे दुसरे इंजेक्शन सहा महिन्यांनी घ्यायचे असते. ते मध्येच सोडले तर झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. खर्च झेपत नाही म्हणून सोडायचे झाले, तरी न सांगता सोडू नये. त्याच्या जागी दुसरे देता येते.

आणि एक गोष्ट आवाज चढवून सांगतो. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, विशेषतः रात्री, तर हाडवैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नेऊ नका. हाड नुसते विरळ झाले असेल, किंवा रोग मणक्यात उतरला असेल. हाताने चोळून हे कळत नाही, उलट मणका बसतो. पाठदुखीबरोबर पाय जड वाटू लागले, मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा सुटली, तर मज्जारज्जूवर दाब आला असण्याचा संभव असतो. त्या वेळी उद्या सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पाय चालू असतानाच पोहोचलेला रोगी बहुधा चालत राहतो. पाय गेल्यावर पोहोचलेल्याचे परत येणे कठीण.

शेवटी प्रवासाची बाब, कारण आपल्याला ती नेहमीच महाग पडते. ज्यांच्या हाडांत रोग पसरला आहे त्यांना झोलेड्रॉनिक अॅसिड हे बिसफॉस्फोनेट दर चार आठवड्यांनी देण्याची पद्धत होती. म्हणजे वर्षाला तेरा खेपा. २०१७ साली १,८२२ रोग्यांवरच्या अमेरिकन चाचणीत दिसून आले, की दर बारा आठवड्यांनी दिले तरी हाडे मोडण्याच्या आणि तत्सम संकटांच्या बाबतीत परिणाम तितकाच चांगला येतो. तेराच्या चार-पाच झाल्या. रोग पसरलेला नसून नुसती राखण करायची असेल, तर सहा महिन्यांनी एकदा पुरते. इंजेक्शन शिरेतून पंधरा मिनिटांत जाते. आधी रक्तातले क्रिएटिनिन आणि कॅल्शियम पाहिलेले असले पाहिजे. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात, आणि मांडव्याची रो-रो २०२० पासून सुरू असली तरी आजारी माणसाला ती दगदगच. तेव्हा रक्त येथे तपासून, परळची चिठ्ठी घेऊन, हे इंजेक्शन जिल्ह्याच्या ठिकाणीच देता येईल का, हे पुढच्या भेटीत तिथल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.